सांडपाण्याच्या वाटेचाही विचार करणारा प्लंबर: शहापुरातील जुन्या घराचा अनुभव

बेळगावातील शहापूर भागात आमचे जुने घर आहे, मागे परडे आणि परड्यात आड. काही वर्षांपूर्वी वरचा मजला चढवला, तेव्हा एका ठेकेदाराने नळाचे काम केले आणि तेव्हापासून दोन त्रास घरात कायमचे राहिले. वरच्या न्हाणीघरातील शॉवरला पाणी पुरत नसे आणि खालच्या मोरीतून दुर्गंधी येत असे. यंदा एप्रिलमध्ये वडगावच्या एका प्लंबरकडून हे सारे काम नव्याने करून घेतले.

पाणी न पुरण्याचे कारण त्यांनी गच्चीवर उभे राहूनच सांगितले. राकसकोप किंवा हिडकल धरणाचे पाणी घरापर्यंत कितीही जोराने आले, तरी ते एकदा टाकीत पडले की तो जोर संपतो. पुढे नळाला मिळतो तो केवळ टाकीच्या उंचीचा दाब, म्हणजे दर मीटरमागे जेमतेम एक दशांश बार (बार हे दाबाचे एकक). आमची टाकी स्लॅबवरच टेकलेली होती आणि शॉवर तिच्या तळापासून मीटरभरच खाली होता. दाब वाढवणारा पंप विकणे त्यांना सोपे होते, पण त्यांनी पाच फुटांचा लोखंडी स्टँड करून घेतला, टाकीपासून उतरणारी अर्ध्या इंचाची गंजलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाईप काढून एक इंचाची घातली आणि अर्धा इंच फक्त नळाजवळच्या शेवटच्या तुकड्यात ठेवला. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची, आणि थंड पाण्यासाठी यूपीव्हीसी, म्हणजे साध्या कडक प्लास्टिकची पाईप वापरली. आता पंपाशिवाय शॉवर चालतो.

तथापि या कारागिराचे खरे कसब सांडपाण्याच्या कामात दिसले. घरात येणाऱ्या पाण्याला दाब असल्यामुळे ते वर चढते, वळणे घेते. बाहेर जाणाऱ्या पाण्याला मात्र उतारच नेतो, आणि त्याला मागून हवाही लागते. आमच्या मोरीपासून चेंबरपर्यंतच्या बारा फुटांत आधीच्या माणसाने जेमतेम एक इंच उतार दिला होता. यांनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने लेव्हल धरून, चाळीस फुटांस एक फूट या हिशेबाने सुमारे साडेतीन इंच उतार काढला आणि काटकोनातील एल्बोच्या (वळणाच्या जोडाच्या) जागी पंचेचाळीस अंशांचे दोन एल्बो बसवले. दुर्गंधीचे मूळ मात्र वेगळेच होते. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात, साचून राहणारे पाणी गटारातील वायू अडवते. पण वरच्या शौचालयाचा फ्लश सोडला की खाली कोसळणारे पाणी मागची हवा ओढून घेई आणि उभ्या पाईपला व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याची वाट, नसल्यामुळे ती हवा खालच्या ट्रॅपमधूनच येई. ट्रॅपमधले पाणी गुडगुडत निघून जाई आणि वास येण्यास वाट मोकळी होई. आम्ही इतकी वर्षे फिनाईल ओतत राहिलो याचे आता फार वाईट वाटते. तीच उभी पाईप गच्चीच्या वर नेऊन तोंडाला जाळी बसवताच गुडगुड त्याच दिवशी थांबली. गच्चीचे पावसाचे पाणीही याच पाईपला जोडलेले होते; बेळगावच्या जुलैतील पावसात मोरी का तुंबत होती, ते तेव्हा कळले. ती जोडणी त्यांनी वेगळी केली.

भिंत बुजवण्यापूर्वी पाईपमध्ये हातपंपाने दाब भरून रात्रभर ठेवला आणि सकाळी काटा पाहिला. एक जोड पाझरत होता, तो कापून नवा केला. भिंतीतील पाईपांची छायाचित्रे काढून ठेवण्यासही त्यांनीच सुचवले, आणि पुढे भिंतीत खिळा ठोकताना त्यांचा उपयोग झाला.

उणिवाही आहेत. चार दिवसांचे काम नऊ दिवस चालले आणि त्यातील दोन दिवस ते न कळवता आले नाहीत. फोडलेली भिंत आणि फरशी पूर्ववत करण्यासाठी गौंडी आपणच शोधावा लागतो, हे आरंभी स्पष्ट सांगितले गेले नाही. मजुरी ते पॉइंटनुसार, म्हणजे नळाच्या दर जोडणीमागे, घेतात आणि सामान आपल्याला आणू देतात, त्यामुळे खर्चाचा हिशेब डोळ्यांसमोर राहतो. पावसाळ्यात ते खोदकाम घेत नाहीत. परड्यातील चेंबरचे काम असल्यास मे महिन्याच्या आत त्यांना बोलवावे.