सासूबाईंचं सीनियर अपार्टमेंट: ३ स्टार, आणि ते पाण्यामुळे

सासूबाई शिकागोजवळच्या एका सीनियर हाउसिंगमध्ये दीड वर्षं राहतायत. स्टाफ खूप प्रेमळ, रात्री दोनला बेल मारली तरी कुरकुर न करता येतात, जेवण ठीक. तरी ३च स्टार देतेय ते पाण्यासाठी. शेजारचा फ्लॅट चार महिने रिकामा होता, नळसुद्धा कोणी सोडला नाही, आणि पाइपात साचलेलं कोमट पाणी म्हणजे लेजिओनेला बॅक्टेरियाचं माहेरघर, शॉवरच्या बारीक तुषारांतून ते थेट फुफ्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो, वय झालेल्यांना तर जास्तच धोका. याच इलिनॉयमधल्या क्विन्सीच्या व्हेटरन्स होममध्ये (माजी सैनिकांच्या निवासात) २०१५ साली १२ जण गेले हो यात! मी सासूबाईंचा शॉवरहेड काढून पाहिला तर आत पांढरा क्षार आणि बोटाला बुळबुळीत थर लागला, पोटात धस्स झालं. ऑफिसात वॉटर मॅनेजमेंट प्लॅन (इमारतीच्या पाइपांत असे बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून काय करायचं त्याचा लेखी आराखडा) मागितला तर म्हणे "पाणी शहराचं आहे", अहो पण ते तुमच्याच पाइपात येऊन साचतंय ना? तीनदा मागे लागल्यावर शॉवरहेड बदलले, रिकाम्या फ्लॅटचे नळ आता दर आठवड्याला सोडतात, बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून टाकीतलं गरम पाणी १४० फॅरेनहाइटला (६० सेल्सिअस) ठेवलंय आणि नळाआधी त्यात गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह आहे म्हणून हात भाजत नाही. पाण्याच्या टेस्टिंगचा रिपोर्ट मात्र अजून दाखवलेला नाही. तो हातात आला की चौथा स्टार लगेच देईन.