एमबीएचा सक्तीचा परदेश दौरा: माहितीपत्रकात न दिसणारा खर्च

पुण्यातल्या एका खासगी संस्थेच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमात जर्मनीचा आठवडाभराचा दौरा सक्तीचा आहे. त्याला क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) असल्यामुळे न जाणाऱ्याचा अभ्यासक्रम पूर्ण धरत नाहीत. दौरा होऊन काही महिने झाले, टीसीएसचा, म्हणजे दौऱ्याच्या बिलासोबतच आगाऊ घेतलेल्या कराचा, परतावाही जमा झाला. आता आमच्या बॅचचा हिशोब पूर्ण मांडता येतो.

शिकण्याच्या बाजूने तक्रार नाही. कारखान्यांच्या भेटी आणि यजमान विद्यापीठातली सत्रं उत्तम होती. खटकतं ते माहितीपत्रकातलं ‘दौऱ्याचा खर्च वेगळा’ हे एकच वाक्य. टूर ऑपरेटरचं पॅकेज भरलं की खर्च संपला असं त्यातून वाटतं, आणि तसं होत नाही.

सर्वांत जास्त पैसे नाहक जातात ते व्हिसात. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो आहे. पण शिक्षणासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना ते माफ असल्याचं शेंगेनच्या व्हिसा नियमावलीतच आहे. ऑपरेटर सगळ्यांचे अर्ज सरसकट ‘पर्यटन’ म्हणून भरतो आणि ही माफी हातची जाते. यजमान विद्यापीठाचं निमंत्रणपत्र, आपल्या संस्थेचं बोनाफाइड आणि दौरा अभ्यासक्रमाचा भाग असल्याचं पत्र, ही तीन कागदपत्रं अर्जाआधी हातात हवीत. प्रवासाचा खरा हेतू अर्जात लिहिणं तसंही गरजेचं आहे, कारण कागदपत्रं एक सांगतात आणि अर्ज दुसरं, अशा वेळी नकाराची शक्यता वाढते. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क मात्र माफ होत नाही. तिथे एसएमएस, कुरिअर, प्रीमियम लाउंज हे सगळं ऐच्छिक असतं. नको असेल तर पावती फाडण्याआधीच सांगा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस धरतात, पण ते 45 पर्यंत लांबू शकतात. विमा किमान 30,000 युरोंचा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस धरणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला लागतो. मुदत संपत आली असेल तर 36 पानी पासपोर्टचे 1,500 रुपये, आणि तत्काळ काढला तर वर आणखी 2,000.

दुसरा खड्डा टीसीएसचा. परदेशी टूर पॅकेजवर ऑक्टोबर 2023 पासून सात लाखांपर्यंत 5 टक्के टीसीएस होता. पुढे नियम बदलत गेले, तेव्हा आपल्या वर्षाचा दर बघून घ्या. 5 टक्क्यांनी दोन लाखांच्या पॅकेजवर 10,000 रुपये आधी मोजावे लागतात. ही रक्कम बुडत नाही, पण ज्याच्या पॅनवर बिल, त्यालाच ती मिळते. उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याच्या पॅनवर बिल असेल तर रिटर्न भरल्याशिवाय परतावा नाही, आणि तोवर पैसे अडकून पडतात. नोकरीतल्या पालकाच्या पॅनवर बिल घेतलं तर ऑफिसात कळवून पगाराच्या टीडीएसमधून ती वळती करता येते. रिटर्नआधी आयकर खात्याच्या वार्षिक कर विवरणात (26एएस) नोंद दिसते का ते पाहा.

कर्ज काढणाऱ्यांनी मंजुरीआधीच संस्थेकडून दौऱ्याची रक्कम असलेलं शुल्कपत्र मागून घ्यावं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यास दौऱ्याचा खर्च धरता येतो, पण शुल्कपत्रात तो नसेल तर बँक हप्ता सोडत नाही. नंतर पत्र आणून रक्कम वाढवून घेणं फार जिकिरीचं असतं, आणि मग बरेच जण महागडं वैयक्तिक कर्ज काढतात. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणूनच मनाला लागतं.

तिथला खर्च: पॅकेजमध्ये सहसा नाश्ता आणि एक जेवण असतं. उरलेल्या जेवणाला, पाण्याला आणि शहरातल्या प्रवासाला दिवसाला 35 ते 40 युरो धरा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते; रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून पावती काउंटरवर दाखवली की ते परत मिळतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद, उघडी मुख्यतः स्टेशनवरची, आणि ती महाग. घरून मेतकूट, चटणी, खाकरे न्या. तूप, पनीर नको, दुग्धजन्य पदार्थ युरोपात नेता येत नाहीत.

क्रेडिट कार्डावर 3.5 टक्के मार्कअप (परकी चलनातल्या खरेदीवरचं बँकेचं शुल्क) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागला तर 50,000 रुपयांच्या खरेदीवर 2,065 रुपये जादा जातात. फॉरेक्स कार्डात (आधी परकी चलन भरून ठेवायच्या कार्डात) युरोच भरा. दुकानातल्या मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर नेहमी तोट्याचा असतो.

इकडे खोलीचं भाडं चालूच राहतं, मेसवाले कमी दिवसांचा खाडा धरत नाहीत, आणि थंडीतला दौरा असेल तर थर्मल आणि जाड जाकीट घ्यावंच लागतं. जाकीट सीनियरकडून मागून घेतलेलं बरं. नोकरी करून शिकणाऱ्यांची रजा बिनपगारी झाली तर तो आकडा व्हिसापेक्षा मोठा निघतो.

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. व्हिसा नाकारला गेला तर ऑपरेटर किती रक्कम परत करणार, आणि अशा विद्यार्थ्याला क्रेडिटसाठी इथेच पर्यायी प्रकल्प मिळणार का. आमच्या संस्थेत यातलं दुसरं उत्तर तोंडी होतं आणि पहिलं मिळालंच नव्हतं.