स्कायला मेमधे जावं की ऑगस्टमधे?

यूकेत राहणाऱ्यांचा स्कॉटलंडमधल्या स्काय बेटाचा प्लॅन बहुतेक वेळा मुलांच्या शाळेवर ठरतो, म्हणजे एकतर मे अखेरचं हाफ टर्म (सत्राच्या मधली आठवड्याची सुट्टी) नाहीतर ऑगस्ट. निव्वळ हवामान बघायचं तर मी डोळे झाकून मे सांगेन.

थंडीत फार फरक नाही हो, मेमधे दुपारी १३-१४ डिग्री आणि ऑगस्टमधे १६-१७, जॅकेट दोन्ही वेळेला लागतंच. फरक आहे तो पावसाचा. अटलांटिकवरून येणारी ओली हवा क्युलिनच्या डोंगरांवर आदळते, ते जवळजवळ हजार मीटर उंच, त्यामुळे तिथे वर्षभरच पाऊस, पण एप्रिल ते जून त्यातल्या त्यात कोरडा असतो आणि मेमधे ऊनही छान मिळतं. जुलैपासून पाऊस वाढत जातो. तरी ऑगस्टमधे पाऊस दिसला म्हणून दिवसभर रूमवर बसू नका, फेरी पूल्स (ओढ्यातले डोह आणि छोटे धबधबे) क्युलिनच्या पायथ्याशीच आहेत, तिथे धो धो चालू असताना उत्तरेला क्विरांगच्या डोंगरकड्यांकडे चक्क कोरडं असू शकतं, म्हणून रोज सकाळी फोरकास्ट बघून मगच कुठे जायचं ते ठरवा.

आणि मिजेस! ही बारीक चिलटं मे अखेरीस सुरू होतात आणि जुलै-ऑगस्टमधे नुसता कहर असतो. वारा असेपर्यंत काही नाही, पण संध्याकाळी स्लिगाखनच्या जुन्या पुलापाशी वारा पडला की दोन मिनिटांत केसांत, कानांत, चष्म्याच्या आत सगळीकडे तीच, फोटो राहिला बाजूला, माणसं गाडीकडे पळतात. लहान मुलं फार वैतागतात, चावलेलं खाजवून खाजवून लाल करतात.

ऑगस्टच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे, हेदर नावाचं रानझुडूप फुललेलं असतं आणि डोंगरउतार जांभळे होतात, ते खरंच सुंदर दिसतं. पण गर्दीही तेव्हाच. उजेड मेमधे जास्त, रात्री साडेनऊलाही लख्ख दिसतं.

डिसेंबरचं कोणी सुचवत असेल तर जेमतेम साडेसहा तासांचा दिवस आणि वादळी वारे, फॅमिलीला घेऊन नको.

सुट्टी ऑगस्टमधेच असेल तर राहायची जागा झाडीत किंवा ओढ्याकाठी घेऊ नका, उघड्या समुद्राकडे तोंड असलेली बघा, तिथे वारा असतो. जाळीची टोपी मात्र प्रत्येकाला एक घ्याच.