नागपूरच्या बर्डीतली कार्ट्रिज दुरुस्ती: हिऱ्याचं काम चोख, रबराचं आधी विचारून घ्या

रेकॉर्ड प्लेअरचं कार्ट्रिज म्हणजे खाचेतल्या सुईच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारी डबी. रेकॉर्डवर ‘स’ आणि ‘श’ फाटून यायला लागले की सुई झिजली असं धरून लोक तिच्या टोकाचा हिरा बदलून घेतात, म्हणजे री-टिपिंग करतात. आपल्याकडे पुष्कळदा हिऱ्याआधी रबर गेलेलं असतं. हिरा धरणाऱ्या बारीक दांडीच्या, म्हणजे कॅन्टिलिव्हरच्या मुळाशी रबराचं इवलंसं कडं असतं. पारा ४५ च्या पुढे जाणारे बरेच उन्हाळे खाल्ले की ते कडक होतं, सुईला खाचेतली वळणं झेपत नाहीत आणि आवाज अगदी झिजलेल्या सुईसारखाच फाटतो. म्हणून री-टिपिंगवाल्याला जोखायचं ते एवढ्यावरच: हिऱ्याला हात लावण्याआधी तो रबर बघतो का?

बर्डीच्या मेन रोडमागच्या गल्लीतलं हे रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान त्यात पास होतं, पण पैकीच्या पैकी नाही.

तपासणी गिऱ्हाइकासमोर होते. कार्ट्रिज मायक्रोस्कोपखाली जातं आणि चित्र शेजारच्या स्क्रीनवर दिसतं. झिजलेल्या हिऱ्याच्या दोन्ही अंगांना चपटे, चकचकीत ठिपके पडलेले असतात, ते नसतील तर कारागीर दादा सरळ म्हणतात, “हिरा चांगला आहे, कशाला पैसे घालता?” मग कार्ट्रिज टोनआर्मला (रेकॉर्डवर फिरणाऱ्या दांड्याला) लावून कंपनीने सांगितलेल्या वजनावर रेकॉर्डवर टेकवतात. बॉडी रेकॉर्डला घासायला आली तर सस्पेन्शन (कॅन्टिलिव्हरला तोलून धरणारी रबराची बैठक) बसलं, नको तितकी वर राहिली तर रबर कडक झालं. शेवटी डाव्या-उजव्या दोन्ही कॉइलचा (आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा) रेझिस्टन्स. डेनॉन डीएल-१०३ या कार्ट्रिजला दोन्हीकडे ४० ओमच्या आसपास यायला हवा; एक बाजू उघडी (आतली तार तुटलेली) दाखवत असेल तर नव्या हिऱ्याने काही साधणार नाही.

मूव्हिंग मॅग्नेटवाल्यांना (सुईबरोबर चुंबक हलतो त्या कार्ट्रिजवाल्यांना) ते बहुधा परत पाठवतात, आणि बरोबरच करतात. ऑर्टोफॉन २एम रेड किंवा ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ ची सुई हाताने ओढून निघते, नवी तशीच बसते. तिथे री-टिपिंग म्हणजे आठ आण्याच्या कोंबडीला रुपयाचा मसाला. शुअरचं वेगळं. कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा धंदाच बंद केला, त्यामुळे व्ही१५ टाइप थ्रीसारख्या कार्ट्रिजला जपानी जिकोची सुई मागवा नाहीतर मूळ सुईवर नवा हिरा बसवा. कॅन्टिलिव्हर सरळ आणि रबर जिवंत असेल तरच दुसरा मार्ग धरावा.

खरं काम डीएल-१०३ सारख्या मूव्हिंग कॉइलचं (यांत चुंबकाऐवजी कॉइल हलते), कारण त्यांची सुई निघतच नाही. मूळ टोक गोल, १६.५ मायक्रॉनचं. दुकानात त्याजागी न्यूड एलिप्टिकल, म्हणजे धातूच्या बुडाशिवाय अख्खा, लंबगोल टोकाचा हिरा बसवून मिळतो. दर नव्या कार्ट्रिजच्या किमतीच्या निम्म्याच्या आत. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचं टोक कापून तिच्यावर हिरा बसवलेला नवा तुकडा चढवतात आणि दोन भागांच्या एपॉक्सीने चिकटवून रात्रभर वाळू देतात. या जोडाने टोकाचं वजन वाढतं आणि वजन वाढलं की वरचे सूर मंदावतात. म्हणून एपॉक्सीचा थेंब किती मोठा, यावर अर्धं यश अवलंबून. इथला थेंब बारीक असतो, मागे फुगा राहत नाही. फुगा राहिला तर तो कापसासारखी धूळ धरतो आणि वाकड्या रेकॉर्डला घासतोही. समोरून आणि बाजूने, आधीचे व नंतरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. मागितले तरच देतात. बोरॉनच्या कॅन्टिलिव्हरला मात्र इथे हात लावू देऊ नका. ती काडी ठिसूळ असते, वाकत नाही, मोडते.

कमी पडतात ते रबरात. मूव्हिंग कॉइलचं रबर बदलायचं तर मागचा बारीक स्क्रू सोडून सस्पेन्शनच्या तारेचा ताण पुन्हा जुळवावा लागतो, तेही केसाहून बारीक कॉइलच्या तारा सांभाळून. ते काम इथे होत नाही. त्याऐवजी रबर मऊ करणारं द्रव लावतात. आवाज सुधारतो, पण किती महिने टिकेल याची हमी देत नाहीत, आणि बिलात ते वेगळं लिहीतही नाहीत. नवा हिरा आणि मेलेलं रबर अशी जोडी घरी आणू नका. रबर कडक निघालं तर काम तिथेच थांबवा.

महाल-इतवारीतल्या जुन्या घरांतून लाखेच्या तबकड्या आणि क्रिस्टल कार्ट्रिजही (सुईच्या दाबाने स्फटिकात वीज होते ती) इथे येतात. रोशेल सॉल्टचा क्रिस्टल ओलीने विरघळतो आणि ५५ अंशांवर कायमचा जातो. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. असं कार्ट्रिज ते सिरॅमिकने बदलतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते, एलपीला १८ च्या. ‘दोन्हीला चालेल अशी एकच द्या’ म्हणणाऱ्याला ते चक्क नाही म्हणतात.

घरी आल्यावर जुन्या सेटिंगवर लावू नका. नवा हिरा जुन्याच्या नेमक्या जागी कधीच बसत नाही, म्हणून प्रोट्रॅक्टरने (जुळणीच्या पट्टीने) ओव्हरहँग, म्हणजे सुई मधल्या खुंटीच्या किती पुढे जाते ते, पुन्हा जुळवा, डीएल-१०३ असेल तर वजन काट्यावर २.५ ग्रॅम करा. तारा पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस. पिनांवर थेट सोल्डर अजिबात नको, आतली कॉइल तुटते. मग एखादी मोनो रेकॉर्ड लावा. गायक मधोमध न राहता एका बाजूला सरकला तर आधी अ‍ॅझिमथ, म्हणजे समोरून बघता सुई सरळ उभी आहे का ते, तपासा. तरी सरकलेलाच राहिला तर कार्ट्रिज परत न्या, फेरजुळणीचे पैसे ते घेत नाहीत. सुई स्पिरिटने पुसू नका, जोड सैल पडतो. कोरडा ब्रश मागून पुढे फिरवा.

न्यायचं तर हेडशेलसकट (कार्ट्रिज बसतं त्या टोनआर्मच्या टोकासकट), सुईचं झाकण लावून. आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) कुरिअरने तर नकोच.