शहापूरचं रद्दीचं दुकान: पंतप्रधान साठ रुपये किलो

दुकानाला पाटी नाही. बेळगावच्या शहापुरात मागांचा खटखटाट ऐकू येतो त्या गल्लीत तराजू टांगलेला दिसेल, तेच. पुढं पेपरची रद्दी, पुठ्ठा, पोरांच्या वह्या. आत अंधारात पुस्तकं. जाड बांधणीचं इंग्रजी साठ रुपये किलो, मराठी चाळीस. मालक मामा वजन कन्नडमध्ये मोजतात, भाव मराठीत सांगतात आणि घासाघीस कुठल्याच भाषेत करत नाहीत.

मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत लघुलेखक होतो. नऊ साहेब बघितले. त्यामुळे पंतप्रधानांच्या सचिवांनी, सल्लागारांनी लिहिलेलं काही दिसलं की माझा हात आवरत नाही. गेल्या जूनमध्ये साडेचार किलो आणलं.

वरच मथाई होते, नेहरूंचे खास सहायक. १९५९ला राजीनामा देऊन बाहेर पडले आणि आठवणी छापल्या १९७८ला, नेहरूंना जाऊन चौदा वर्षं झाल्यावर. चटकदार आहे, एका रात्रीत संपतं. पण साहेबाची बदली झाली की दुसऱ्या दिवशी टपरीवर जीभ सुटणारे मी पुष्कळ बघितलेत. मथाई मी विकत घेतले, मनावर घेतले नाहीत.

संजय बारूंचं तसं नाही. ते २००४ ते २००८ मनमोहन सिंगांचे माध्यम सल्लागार होते. पुस्तक आलं २०१४ला, ऐन निवडणुकीत, सिंग अजून खुर्चीवर असताना. पंतप्रधान कार्यालयानं लगेच खंडन केलं. माणूस स्वच्छ, पण सत्तेचं दुसरं केंद्र पक्षाध्यक्षांकडे, आणि यांनी ते मान्य करून टाकलेलं, असा त्यांचा रोख. वेळ साधली हे खरं. पण सगळं लबाडीचं वाटत नाही. चिडलेल्या माणसाला साहेबाबद्दल माया असते तेव्हा असंच लिहून होतं.

खरा घोटाळा हक्सरांच्या चरित्रात झाला. हक्सर १९६७पासून १९७३पर्यंत इंदिराजींच्या सचिवालयाचा कणा. संजय गांधींच्या मोटार कारखान्याला त्यांनी विरोध केला आणि पुढं बाजूला पडले. आणीबाणीत त्यांच्या नातेवाइकांच्या कॅनॉट प्लेसमधल्या दुकानावर धाड पडली. मला वाचायचा होता तो मोटारीचाच भाग, आणि नेमका तिथला सोळा पानांचा फर्माच गायब. मागं गेलो, तर मामा म्हणाले, "वजनावर घेतलंय न्हवं ओ? पानं मोजून कोण घेतंय?"

बोलती बंद. पण ती पानं माझ्या डोळ्यांसमोर होती. आमच्याकडं एका अभियंत्यानं साहेबांच्या मेव्हण्याच्या टेंडरवर उलटी नोंद लिहिली होती. टाइप मीच केली. साहेबांनी ती दोनदा वाचली, पेनाला टोपण लावलं, खिडकीबाहेर बघितलं. काही बोलले नाहीत. महिन्याभरात अभियंता बदलून गेला, आणि त्या दिवसापासून साहेबांसमोर उलटी नोंद ठेवायला कुणी धजलं नाही.

पी. एन. धर हक्सरांनंतरचे. त्यांचं पुस्तक २०००चं, आणीबाणीला पंचवीस वर्षं झाल्यावरचं. दोष इंदिराजींवर आणि जयप्रकाशांच्या आंदोलनावर वाटून टाकतात. कोरडं आहे. ओलीनं पानंही चिकटलेली. बेळगावचा पाऊस, त्याला मामा तरी काय करणार.

सगळ्यात तळाशी राम प्रधानांचं मिळालं, यशवंतरावांच्या डायरीवरून १९६५च्या युद्धाची हकीगत. शास्त्रीजी पंतप्रधान, चव्हाण संरक्षणमंत्री. शास्त्रींनी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायला होकार दिला आणि ६ सप्टेंबरला फौज लाहोरच्या दिशेनं निघाली. डायरी त्याच दिवसांतली आहे, पुढं काय होणार हे ठाऊक नसताना लिहिलेली. म्हणून मला ती बाकी चार किलोंपेक्षा जड वाटते. बायकोनं मात्र ते टेबलावर ठेवू दिलं नाही. बेळगाव महाराष्ट्राला न देणारा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ला आला तेव्हा गृहमंत्री चव्हाणच होते, आणि तिच्या माहेरी, खानापुरात, ते अजून कुणी विसरलेलं नाही.

परवा मामांना विचारलं, आत्ताच्या पंतप्रधानांबद्दल त्यांच्या माणसांनी लिहिलेलं काही आलंय का. "स्तुतीचं ढीगभर हाय. तुम्हाला पायजे तसलं अजून रद्दीत येईना."

पिशवी आपली न्या. फर्मे तिथंच उघडून बघा. रविवारी दुपारनंतर बंद.