न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट : आठ महिने ऐकल्यानंतर

न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट या चौघांच्या जॅझ चमूची सीडी घरी आली ती जानेवारीत, सोलापुरातली गड्ड्याची जत्रा ऐन भरात असताना. केसला तडा गेलेला. विक्रेत्याला तीन मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. तबकडी शाबूत होती म्हणून गप्प बसलो.

पहिल्यांदा लावली तेव्हा आईने आतून विचारलं, "कुणाची वरात रे?" तिचं काय चुकलं? पितळी वाद्यांचा कल्लोळ म्हणजे आमच्या पेठेत लग्नाचा बँडच. पहिले पंधरा दिवस मलाही वाटायचं, चौघं चार खोल्यांत बसून वाजवतायत.

रेकॉर्डिंग 1964 च्या नोव्हेंबरमधलं, ईएसपी-डिस्क लेबलचं. आल्टो सॅक्सोफोनवर जॉन चिकाई, ट्रॉम्बोनवर रॉसवेल रड, बासवर लुईस वॉरेल, ड्रमवर मिलफर्ड ग्रेव्हज. पियानो नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. गवयामागची पेटी काढून घ्यावी तशी सुरांना मोकळीक मिळते. चिकाईचा सूर कोरडा, नेमका. रडचा ट्रॉम्बोन मात्र त्या सरकत्या नळीमुळे चक्क मींड घेतो. गुरगुरतो, खिदळतो, चिकाईचं वाक्य संपायच्या आत मध्ये तोंड घालतो. मग तो ऐकून घेतो असंही नाही, दोघं एकदमच बोलत राहतात. 'रोझमोसिस' हा ट्रॅक मी यासाठीच परत परत लावतो.

खरी अडचण ग्रेव्हजची झाली. शेजारी यंत्रमाग आहेत, दिवसभर खटक-खटक, एक ठोका चुकत नाही. आणि हा गडी ठेकाच धरत नाही! सम शोधत बसलो की डोकं दुखायचं. एप्रिलमध्ये एका दुपारी वीज गेली, माग थांबले. गाणी लॅपटॉपवर उतरवलेली होती, बॅटरीवर तसंच चालू राहिलं. त्या शांततेत बास पहिल्यांदा नीट ऐकू आला आणि ड्रम त्याच्याभोवती पावसासारखे, कमी-जास्त होत पडत होते. त्या दिवसापासून मी मोजणं सोडलं.

दुसऱ्या ट्रॅकवर अमिरी बराका (तेव्हाचे लेरॉय जोन्स) स्वतःची कविता वाचतात. शब्द जहाल, आवाज थंड. आईने विचारलं, "हा मध्येच बातम्या का देतोय?" अर्थ सांगितला नाही.

तक्रार एकच, बास फार दबलेला आहे. मोबाइलच्या स्पीकरवर तर तो गायबच होतो. हेडफोन लावा, नाहीतर वीज जायची वाट बघा.