जुन्या गाडीचा बिघाड: आधी स्कॅनर लावावा की कान?

इंजिनचा दिवा लागला की हल्ली आधी स्कॅनर आठवतो. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला जोडला की बिघाडाचा कोड हातात! पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ आला तर एवढंच कळतं की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. एअरफ्लो सेन्सर मळलाय, फ्युएल पंप थकलाय की व्हॅक्यूमचा पाइप चिरलाय, हे तुम्हीच शोधायचं. बरेच जण इथे घाईने ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात. तो बिचारा नुसता निरोप्या. कोडपेक्षा मला फ्युएल ट्रिमचे आकडे, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते, जास्त कामाचे वाटतात. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) +२० टक्के आणि २,५०० आरपीएमला शून्याच्या आसपास, तर बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरतेय. उलट लोड वाढल्यावर आकडा चढत गेला, तर पंप आणि फिल्टर आधी बघा.

चाकं, सस्पेन्शन, क्लच यांच्या बाबतीत मात्र कानाला तोड नाही. बिघाड सांगणारा सेन्सर तिथे बहुधा नसतोच. वेगाबरोबर वाढणारी घरघर डावीकडे वळताना मोठी झाली, तर संशय उजव्या बेअरिंगवर, कारण भार तिकडे जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आली, तर सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा सांधा.

अधूनमधून होणारा मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, कानाला चकवतो. मेकॅनिकसमोर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. तिथे स्कॅनरच हवा: बिघाडाच्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान कोडसोबत साठवलेलं असतं. बॅटरीची वायर काढण्याआधी ते वाचून घ्या, नाहीतर बऱ्याचदा पुसलं जातं.